पान अकरावरचा परिच्छेद

तुमच्या घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये या क्षणी काय ठेवलेलं आहे?

प्रश्न सिंगापूरच्या वाचकांना आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते: इथल्या नव्या सरकारी इमारतींमधल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये जाड काँक्रीटच्या भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालंच तर घरातल्यांनी तिथे जाऊन बसावं म्हणून ती बांधलेली आहे. युद्ध झालेलं नाही, त्यामुळे मी पाहिलेल्या प्रत्येक मराठी घरात तिची अडगळीची खोली झाली आहे. क्लेमेंटीच्या ज्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी रूममेट प्राजक्ता भाड्याने राहायचो, तिथल्या शेल्टरमध्ये चार सुटकेसा, इस्त्रीचं टेबल, तांदळाच्या गोण्या, घरमालकांचा प्लास्टिकचा ख्रिसमस ट्री आणि आमचा आकाशकंदील होता. माणूस मावला नसता.

तीन वर्षं त्या घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात आणून दिलं एका परक्या देशाच्या दूतावासातल्या माणसाने. इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी मला दिवाळी अंकासाठी "कॉपी एडिटरच्या नोकरीतले गमतीदार अनुभव" मागितले होते. गमतीचा एक देते आणि मग त्या माणसाकडे वळते.

बुओना व्हिस्टाच्या एका छोट्या फर्ममध्ये मी मजकूर तपासायचं काम करायचे. कंपन्यांचे अहवाल, माहितीपुस्तिका, जाहिराती, काहीही. लोकांना वाटतं हे काम म्हणजे दुसऱ्याचं इंग्रजी सुधारणं. ते अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे संशय घेणं. मजकुरात जिथे जिथे दावा असेल तिथे समासात विचारायचं: कशावरून? या प्रश्नाला आमच्यात क्वेरी म्हणतात. कॉपी एडिटरला मजकुराचा अर्थ बदलायची मुभा नसते. मजकूर गिऱ्हाइकाचा. आपण फक्त विचारायचं, आणि शेवटच्या प्रुफावर "तपासलं" म्हणून सही करायची. ती सही झाली की छपाई.

एका काँडोच्या, म्हणजे खासगी गृहसंकुलाच्या, माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, "एमआरटी मेट्रोपासून चालत पाच मिनिटं." मी जाऊन चालून बघितलं. अकरा मिनिटं लागली. क्वेरी टाकली. विक्री व्यवस्थापकाचा फोन आला, "मॅडम, तुम्ही सावकाश चालता." मी म्हटलं, या, बरोबर चालू. आला. कातडी बूट आणि टाय घालून तो जवळजवळ पळाला, तरी नऊ मिनिटं झाली. घाम पुसत म्हणाला, "मधे सिग्नल लागला नसता तर..." मी म्हटलं, सिग्नल तुमच्या गिऱ्हाइकालाही लागणार. पुस्तिकेत शेवटी "एमआरटीच्या जवळ" असं छापलं गेलं. आमच्या मालकीणबाई मिस लिम त्यावर दिवसभर हसत होत्या. "तू डेंजरस आहेस, लाह!" (इथे वाक्याच्या शेवटी लाह लावायची पद्धत आहे.) तेव्हापासून ऑफिसात कोणतंही काम शेवटच्या टप्प्यावर आलं की कोणीतरी विचारायचंच, "मुक्ताने चालून बघितलं का?"

मिस लिम पूर्वी वर्तमानपत्रात उपसंपादक होत्या. लाल पेन कानावर, चप्पल टेबलाखाली. मला त्यांनी नोकरीवर घेतलं ते मुलाखतीत एका उताऱ्याचे तीन तुकडे करून मी त्याची धार वाढवली म्हणून. ती धार माझी नव्हती, बाबांची होती. माझे बाबा भोसरीला एका कारखान्यात टर्नर होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरओळख त्या पत्रकांवर केली, गणितं त्यांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली आणि आठवीत असताना एक अख्खं पत्रक स्वतः लिहिलं. बाबांचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते. पहिल्या ओळीत प्रश्न विचार. एका पत्रकात एकच मागणी. शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते सांग. आणि समोरच्याला फुकट एकही वाक्य देऊ नकोस.

आता दूतावासाचं काम. देशाचं नाव मी लिहिणार नाही. नोकरी सोडताना तशा कागदावर सही केली आहे. शिवाय नाव वाचलं की तुम्ही लगेच एक बाजू घ्याल आणि पुढचं त्या बाजूने वाचाल. एवढं सांगते, की त्या देशाच्या सीमेपलीकडून एक सशस्त्र गट त्याच्या गावांवर रॉकेटं सोडत होता. शेवटी त्या देशाने सीमेपलीकडे तोफा आणि विमानं वापरली. जगभरातून टीका झाली. तेव्हा आम्ही हे का केलं, आम्हाला याचा हक्क कसा आहे, हे सांगणारी सोळा पानी इंग्रजी पुस्तिका त्यांच्या इथल्या दूतावासाने लिहिली. ती आमच्याकडे तपासायला आली.

मिस लिमनी ती माझ्या टेबलावर ठेवली. मी दोन पानं वाचली आणि परत नेऊन दिली.

"मी हे करणार नाही."

"कारण?"

"युद्धाचं समर्थन आहे हे. असला कागद खोटाच असतो."

"कुठे खोटा आहे?" त्यांनी पुस्तिका उघडली. "पान सांग."

मला पान सांगता येईना.

"करू नकोस," मिस लिम म्हणाल्या. "कॅन, चालेल. मी दुसऱ्या कोणाला देते. तो स्वल्पविराम नीट करेल आणि एकही प्रश्न न विचारता सही करेल. तुला तसं हवं असेल तर ओके, लाह."

मी पुस्तिका उचलून परत आले. पुढचे तीन दिवस मी तिच्यावर तुटून पडले. त्रेचाळीस क्वेऱ्या काढल्या. या तारखेला किती रॉकेटं, कशावरून? शाळेवर पडलं, फोटो कुठे? सायरन वाजल्यापासून रॉकेट पडेपर्यंत सीमेजवळच्या गावाला पंधरा सेकंद मिळतात, मोजले कोणी?

उत्तरं मेलवर येतील असं वाटलं होतं. दूतावासाचे माहिती सचिव स्वतः आले. पन्नाशीचे, उंच, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात माझ्या क्वेऱ्यांचे छापील कागद. पुस्तिकेचा मजकूर त्यांनीच लिहिला होता. मी मनात त्यांना सचिवसाहेब म्हणायला लागले, इथेही तेच म्हणते. एकेका प्रश्नावर ते कागद काढून दाखवत गेले. दोन ठिकाणी आकडा चुकला होता, तो त्यांनी तिथेच खोडला. पंधरा सेकंदांवर आम्ही अडलो.

"हे कशावरून?" मी विचारलं.

"माझी आई तिथे राहते."

"हा पुरावा होत नाही."

ते हसले. "मी ऐकलं, तुम्ही चालून बघता. चला, बघू या."

मिस लिम दारात उभ्या होत्या. कोणी सांगितलं ते कळलं.

"आईचं वय अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "दोन्ही गुडघे गेलेले. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. शेल्टर जिन्याखाली आहे. समजा, तुमचा तो जिना."

गुडघे गेलेला माणूस कसा उठतो हे मला ठाऊक होतं. बाबा तीस वर्षं लेथपुढे उभे होते. मी खुर्चीत बसले. त्यांनी घड्याळ धरलं आणि "सायरन" म्हणाले. मी हात टेकले, उठले, पहिलं पाऊल टाकायच्या आधी खुर्चीची पाठ धरली, मग भिंत, मग कपाट. ऑफिसातले सगळे माना वर करून बघत होते. कोणी हसलं नाही.

"पंधरा."

मी फोटोकॉपी मशीनपाशी होते. जिना अजून तेवढाच लांब होता.

"आईसुद्धा साधारण तिथवरच पोहोचायची," सचिवसाहेब म्हणाले. "म्हणून आता ती उठतच नाही. सायरन झाला की मला फोन करते. मी इथे बसून सेकंद मोजतो. सोळावा आला की आम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागतो."

ती क्वेरी मी खोडली.

घरी गेल्यावर मी शेल्टरचं दार उघडलं. प्राजक्ता स्वयंपाकघरातून ओरडली, "इस्त्री हवी का तुला?" ती इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करायची आणि घरात सगळ्यात जास्त सामान तिचं होतं. मी तिला पंधरा सेकंद सांगितले. तिने हातातला डाव घेऊनच येऊन आत डोकावलं.

"आपण दोघी मेलो," ती म्हणाली. "आकाशकंदील वाचेल."

ते धुराचे दिवस होते. सुमात्राकडची जंगलं जळत होती आणि तो धूर समुद्र ओलांडून आमच्या खिडक्यांवर येऊन बसला होता. घरातून निघताना आधी मोबाइलवर हवेचा आकडा बघायचा आणि मास्क लावायचा. प्राजक्ताने खिडकीची फट टॉवेलने बंद करता करता विचारलं, "मग आपणही स्वसंरक्षणात इंडोनेशियावर पाणी मारायचं का?"

"चेष्टा नको. तिथे माणसं मरतायत."

"अगं, मग पलीकडे काय होतंय? तिथे काय धूर जातोय?"

"पलीकडचंही आहे पुस्तिकेत. पान अकरावर."

हे मी खरंच सांगितलं. पान अकरावर ते होतं. आंतरराष्ट्रीय कायदा हल्ला झालेल्या देशाला स्वतःचं रक्षण करायचा हक्क देतो, पण सैल हात देत नाही. हल्ला थांबवायला लागेल तेवढंच बळ वापरायचं, आणि रॉकेट सोडणारा कोण आणि त्याच्या शेजारी राहणारा कोण हे ओळखून वापरायचं. पुस्तिकेची पहिली दहा पानं हक्काची होती. अकराव्या पानावर या दुसऱ्या अटीबद्दल लिहिताना सचिवसाहेबांनी एक परिच्छेद घातला होता. आमच्या तोफेचा गोळा पलीकडच्या एका घरावर पडला, त्यात चार साधी माणसं मेली आणि गोळा आमचाच होता, अशी ती सरळ कबुली होती.

आणि आता माझी चूक सांगते.

त्या दिवसानंतर मी पुस्तिकेवर मन लावून काम केलं. नुसतं तपासलं नाही. मला पटलं होतं. गुडघे गेलेल्या म्हातारीच्या घरावर रॉकेट सोडणं हा गुन्हा आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पटलं की माझ्या हाताला पत्रकाशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी सुरुवातच बदलली. मूळ मजकूर कायद्याच्या कलमापासून सुरू होत होता. मी पहिल्या ओळीत प्रश्न टाकला: "पंधरा सेकंदांत तुम्ही कुठवर पोहोचाल?" वाक्यं तोडली, विशेषणं काढली, म्हातारीची खुर्ची आणि जिना पहिल्या पानावर आणला. दहाव्या पानापर्यंत वाचकाचा हात घट्ट धरून ठेवला होता. अकराव्या पानावर तो परिच्छेद आला आणि मला वाटलं, इथे हात सुटतोय.

समोरच्याला फुकट एकही वाक्य देऊ नकोस.

नियमाप्रमाणे मी फक्त विचारायला हवं होतं. मी आधी परिच्छेद काढला आणि मग समासात विचारलं: "इथे जोर ओसरतो. वगळावा का?"

संगणकावर आम्ही ज्या पद्धतीने तपासतो, तिच्यात काढलेला मजकूर लगेच नाहीसा होत नाही. तो लाल होतो, त्यावर रेघ येते. गिऱ्हाइकाने एकेक बदल बघून हो किंवा नाही म्हणायचं असतं. पण तिथे "सगळे बदल मान्य" असं एक बटण असतं. ते दाबलं की लाल काही उरत नाही, समासातले प्रश्नही पुसता येतात, आणि काढलेलं वाक्य कधी नव्हतंच असा स्वच्छ कागद समोर येतो. कंटाळलेली माणसं ते बटण दाबतात, हे मी अनेकदा बघितलं होतं. मी स्वतः नव्या मुलींना ते शिकवताना सांगायचे, की जे गेलं तर चालणार नाही, ते कधीही लाल करू नका.

राजदूतांच्या कार्यालयात ते बटण दाबलं गेलं. पुस्तिका फार आवडल्याचा मेल आला. मिस लिमनी सगळ्यांसाठी कोपी, म्हणजे इथली घट्ट कॉफी, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट मागवला. मी दोन टोस्ट खाल्ले.

शेवटचं प्रूफ आलं त्याच सकाळी सचिवसाहेबांचा फोन आला.

"पान अकरा तुम्ही काढलंत?"

"मी विचारलं होतं. समासात."

"मला तो समास दिसलाच नाही. स्वच्छ प्रत आली. मुक्ता, तो परिच्छेद राहावा म्हणून मी सहा आठवडे राजदूतसाहेबांशी भांडलो. ते कंटाळून हो म्हणाले होते. काल म्हणतात, बघ, तुझी ती चालून बघणारी बाईसुद्धा काढा म्हणते."

मी म्हटलं, "मला वाटलं, त्याने जोर कमी होतोय."

"जोर कमी व्हावा म्हणूनच लिहिला होता."

"तुम्ही पुन्हा घाला म्हणून सांगा ना."

"मी सांगितलं तर तो माझा हट्ट होतो. तुम्ही लेखी दिलंत, की ही एडिटरची चूक होती, तर ती दुरुस्ती होते. दुरुस्तीला नाही म्हणायला साहेबांना जड जाईल. सोमवारी छपाईला जातंय."

मी मिस लिमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन कानावरून काढून टेबलावर ठेवलं.

"गिऱ्हाइकाने बदल मान्य केले. विषय संपला."

"पण काढायचा अधिकार मला नव्हता."

"नव्हता. मोठी चूक केलीस. पण ती तुला आणि मला माहीत आहे. लेखी देशील तर दूतावासाला कळेल, की आमच्या फर्मने विचारल्याशिवाय मजकूर उडवला. उद्या कोण देईल काम? आणि तुझ्या वर्क पासचं काय? नोकरी गेली की पास गेला, पास गेला की महिन्याभरात बॅग भरायची. हाऊ? कसं करणार?"

"मग मी सही कशी करू?"

"शनिवार-रविवार आहे. विचार कर. पण मेल पाठवायच्या आधी मला सांग. मागून नाही."

शनिवारी दुपारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा पलंगावर पाय लांब करून बसले होते, गुडघ्यांना शेकाची पिशवी. मला वाटलं होतं, ऐकून शाबासकी देतील. त्यांचा चौथा नियम त्यांच्या मुलीने परदेशात पाळला होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "शिंदे वॉचमन आठवतो का तुला?"

आठवत होता. कारखान्याच्या गेटवरचा शिंदे. आमच्याच गल्लीत राहायचा. रविवारी चहाला यायचा आणि माझ्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा. पुढे त्याचा एक डोळा गेला आणि तो यायचा बंद झाला.

"संपात गेटवर दगड आले ते दोन्हीकडून," बाबा म्हणाले. "मालकाच्या गुंडांनी सुरुवात केली, आपल्यातल्या बाराजणांची डोकी फुटली. खरं आहे. पण शिंद्याला लागला तो दगड आपल्या बाजूचा होता. मी बघितला. पत्रकात मी तसं लिहिलं होतं. एक ओळ. छापायला द्यायच्या आधी काढली."

"का?"

"का म्हणजे? मालक तीच ओळ घेऊन कोर्टात गेला असता. पत्रक फक्कड झालं. लोकांनी डोक्यावर घेतलं. शिंद्याच्या पोराने ते त्याला वाचून दाखवलं म्हणे. त्याने विचारलं, माझं काय लिहिलंय? पोरगा म्हणाला, काही नाही."

बाबांनी शेकाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"तो चौथा नियम मी त्या पत्रकानंतर केला, पोरी. आधी तीनच होते."

सोमवारी सकाळी हवेचा आकडा फार वर गेला होता. ऑफिसात सगळे मास्क लावून बसले होते. मी मिस लिमना सांगितलं, "मी लिहितेय," आणि प्रुफाबरोबर पत्र जोडलं. ते पाच ओळींचं होतं. पान अकरावरचा परिच्छेद मूळ मजकुरात होता. तो भाषेची दुरुस्ती म्हणून काढलेला नाही. तो काढायचा मला अधिकार नव्हता, ही माझी चूक आहे, फर्मची नाही. तो नसेल तर पुस्तिकेतली दुसरी अट अर्धी राहते. कृपया तो परत घालावा.

मिस लिमनी पत्र वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाल्या, "पाठव."

दुपारपर्यंत उत्तर आलं. राजदूतांच्या कार्यालयाने चुकीची नोंद घेतली होती आणि प्रांजळपणाबद्दल आभार मानले होते. मजकूर आहे तसाच ठेवावा.

एवढंच. माझ्या पत्राने त्यांना काही जड गेलं नाही.

मी प्रुफावर सही केली नाही. मिस लिमना ते नेऊन दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लाल पेनानेच स्वतः सही केली आणि म्हणाल्या, "आज घरी जा. उद्या ये. साडेनऊला, लेट नको." माझा पास रद्द झाला नाही. गिऱ्हाईकही गेलं नाही. हुतात्मा व्हायची माझी सगळी तयारी वाया गेली. मी आणखी दीड वर्षं तिथेच कंपन्यांचे अहवाल तपासत राहिले.

पुस्तिका फार चालली. एका परिसंवादात वक्त्याने पहिली ओळ वाचून भाषणाला सुरुवात केली, असं मला कौतुकाने सांगण्यात आलं. सचिवसाहेबांची नंतर बदली झाली. जाण्यापूर्वी ते ऑफिसात भेटायला आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "काढायचं त्यांना होतंच. तुम्ही कात्री दिलीत." हे ते रागाने बोलले नाहीत, त्यामुळे ते विसरता येत नाही. वर्षातून एकदा त्यांचा मेल येतो. गेल्या वेळी एकच ओळ होती: "आई बरी आहे. अजून फोटोकॉपी मशीनपर्यंतच."

हे सगळं मी कोणाला सांगणार नव्हते. पण मध्यंतरी आपल्या सीमेवर तणाव होता त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाकडच्या काकांनी एक मेसेज टाकला. मराठीत होता, वर झेंडे होते. पहिली ओळ: "पंधरा सेकंदांत तुम्ही कुठवर पोहोचाल?" खाली खुर्ची, गुडघे गेलेली म्हातारी, जिना. माझा मजकूर, वाक्यावाक्याने. देश तेवढा बदलला होता. आणि शेवटी मागणी होती, की पलीकडचं अख्खं गाव जमीनदोस्त करा, तिथे निष्पाप कोणी नसतंच.

मी लिहिलं, "काका, यातली सुरुवात माझी आहे. मी एका कामासाठी लिहिली होती."

काकांनी सहा टाळ्या पाठवल्या. "वा! आपल्या घरात लेखिका! अभिमान आहे बेटा. अजून लिही असं."

मग बऱ्याच वेळाने बाबांचं उत्तर आलं. ते एका बोटाने टाइप करतात. त्यांनी विचारलं होतं, "याच्या खालचा परिच्छेद कुठे आहे?"

तो माझ्याकडे होता. पहिली प्रत मी टाकली नव्हती. सचिवसाहेबांना मेल करून विचारलं, छापू का? त्यांचं उत्तर आलं, "साहेबांच्या मते जे पुस्तिकेत नाहीच, ते गुपित कसं असेल? छापा." म्हणून मराठीत करून इथे देते. मी यातला एकही शब्द सुधारलेला नाही.

"त्या आठवड्यात आमच्या तोफेचा एक गोळा सीमेपलीकडच्या एका घरावर पडला. रॉकेट सोडणारे शेजारच्या बागेत होते, हे खरं आहे. त्या घरात रॉकेट नव्हतं. तिथे एक म्हातारी, तिची सून आणि दोन नातवंडं होती. ती चौघंही मेली. गोळा आमचा होता. त्यांना किती सेकंद मिळाले, हे आम्हाला माहीत नाही. आम्हाला आमचं रक्षण करायचा हक्क आहे, असं आम्ही या पुस्तिकेत सांगत आहोत. ते सांगण्यासाठी हे घर लपवावं लागत असेल, तर आमचं बाकीचंही कोणी खरं मानू नये."

बाबांच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे आता काय करायचं ते सांगते. पंधरा सेकंदांचा तो मेसेज तुमच्याकडे आला असेल, किंवा येईल. कोणत्याही देशाच्या नावाने येईल. तो पुसू नका, पाठवणाऱ्याशी भांडू नका. ते पंधरा सेकंद खरे आहेत, मी चालून बघितले आहेत. पुढे पाठवायचा तर जरूर पाठवा. फक्त पाठवण्यापूर्वी हा परिच्छेद त्याच्या खाली जोडा. पूर्ण जोडा.